उसनी हनुवटी

माणसाच्या चेहऱ्यात हनुवटीइतका उपेक्षित अवयव दुसरा नसेल. डोळ्यांवर कवींनी दौतीच्या दौती रिकाम्या केल्या. नाकाला तर आपण आपली अब्रूच बांधून ठेवली आहे. ते वर असते, कापले जाते, प्रसंगी मुठीत धरावे लागते. कानाला निदान पिळण्यापुरते तरी महत्त्व आहे. हनुवटीची आठवण मात्र कुणाची विनवणी करायची असली तरच होते. आणि ती ज्या हाडावर उभी आहे त्याला आपण ‘जबडा’ म्हणतो. हा शब्द खरे तर आपण वाघासिंहांसाठी आणि मगरीसाठी राखून ठेवलेला. मलाही एक जबडा आहे हे मला वयाच्या बाराव्या वर्षी कळले, आणि तो हवा तेवढा नाही हेही त्याच दिवशी कळले.

त्या दिवशी ताई कॉलेजातून आली ती तडक माझ्याकडेच. ती तेव्हा अठरा वर्षांची, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. चपला काढल्या, दप्तर खुंटीला अडकवले, आणि पाणीसुद्धा न पिता माझा दंड धरून मला खिडकीपाशी नेले.

“ओठ मीट,” ती म्हणाली.

मी मिटले. मिटले म्हणजे मिटवले. माझे ओठ आपसूक मिटत नसत; खालचा ओठ जोर लावून वर ओढावा लागे आणि तसे केले की हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे पडत. ताईने ते खड्डे बोटाने चाचपले. मग मागचे दात मिटायला सांगून तिने माझ्या कंपासपेटीतली पट्टी काढली आणि वरच्या पुढच्या दातांपासून खालच्या दातांपर्यंतचे अंतर मोजले.

“नऊ मिलिमीटर,” ती स्वतःशीच म्हणाली. “शनिवारी सांगलीला जायचं.”

शाळेत मला ‘खारूताई’ म्हणत. वरचे दात पुढे, हनुवटी मागे. नाव ठेवणाऱ्यांना फारशी प्रतिभा खर्च करावी लागली नव्हती. घरात ताई ती होती आणि शाळेत ताई मी होते, एवढाच काय तो माझा बरोबरीचा मान. पण खरी गोष्ट अशी की ती हनुवटी माझी एकटीची नव्हती. ती ताईचीही होती, बाबांचीही होती, आणि भिंतीवरच्या फोटोतल्या पणजोबांनी दाढी राखली होती म्हणून, नाहीतर त्यांचीही दिसली असती. आजी म्हणे, “आपल्या घराण्याची ठेवणच आहे ती.” आई म्हणे, “लग्नाच्या वेळी बघू.” गावातल्या एका डॉक्टरांना ताईच्या लहानपणी दाखवले होते, तेव्हा ते म्हणाले होते, “दुधाचे दात सगळे पडू देत, मग या.” दुधाचे दात पडले. ‘मग या’ हे मात्र सगळेच विसरले. ताई हसताना तोंडावर हात धरायला शिकली आणि घरच्यांनी त्याला लाजरेपणा असे नाव दिले.

त्या दिवशी तिच्या कॉलेजात दंततपासणीचे शिबिर होते. तिथे तिला कुणी काय सांगितले हे तिने मला तेव्हा सांगितले नाही. पुष्कळ दिवसांनी सांगितले. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिचे तोंड पाहून विचारले होते, “वय किती?” अठरा म्हटल्यावर ते म्हणाले, “पाच-सहा वर्षांपूर्वी यायचं होतं, बाळ. जबड्याची वाढ आता संपली. आता फार तर ऑपरेशन.” आणि त्यांनी पुढच्या मुलीला बोलावले.

ती तशीच घरी आली होती. घरी बारा वर्षांची मी होते.

विट्याहून सांगलीची एसटी आम्हा दोघींच्या चांगलीच परिचयाची झाली. तिथल्या दंत महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एक डॉक्टरबाई माझ्या वाट्याला आल्या. पहिल्या खेपेला त्यांनी एका पत्र्याच्या चमच्यात कसलासा गुलाबी लगदा भरून तो माझ्या तोंडात कोंबला आणि “नाकानं श्वास घे” म्हणाल्या. तो घट्ट झाल्यावर त्यावरून प्लास्टरचे दात तयार झाले. बाजूने डोक्याचा एक्स-रे काढला. त्यात मानेचे मणकेही पाहिले. जबड्याची वाढ किती उरली आहे याचा अंदाज म्हणे मानेच्या मणक्यांच्या आकारावरून बांधतात. मुलींची वाढीची उसळी साधारण दहा ते बारा या वयात येते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. “अगदी वेळेवर आणलंत,” डॉक्टरबाई ताईला म्हणाल्या. ताईने मान हलवली आणि हात तोंडावर नेला.

त्यांनी तेव्हा एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. मला वाटे, झाडाचा शेंडा वाढावा तशी हनुवटी पुढे पुढे वाढत जात असेल. तसे नाही. खालचा जबडा वाढतो तो मुख्यतः मागे, कानाजवळच्या सांध्याशी. तिथे हाड मागे आणि वर वाढते आणि त्या रेट्याने हनुवटी पुढे सरकते. म्हणजे पुढे जी दिसते ती हनुवटी, आणि काम करतो तो कुणाला न दिसणारा मागचा कोपरा. घरोघरी असेच असते म्हणा.

मग मेणाची एक नाल तोंडात ठेवून मला खालचा जबडा पुढे आणून चावायला सांगितले. “आरशात बघ,” बाई म्हणाल्या. मी पाहिले. आरशात एक भलतीच मुलगी होती. तिला हनुवटी होती! तोंड सैल सोडताच ती मुलगी गेली आणि खारूताई परत आली. “ती मुलगी तुला हवी असेल,” बाई म्हणाल्या, “तर नऊ-दहा महिने मी देईन ते तोंडात ठेवायचं. जेवतानासुद्धा.”

त्यांनी दिले ते ‘ट्विन ब्लॉक’. आमच्याकडे तोंडात घालायच्या प्रत्येक वस्तूला ‘क्लिप’ म्हणतात, तेव्हा घरी त्याचीही क्लिपच झाली. वर एक प्लेट, खाली एक प्लेट, दोन्ही तारेच्या आकड्यांनी दाढांना धरलेल्या. वरच्या प्लेटवर मागे एक ठोकळा आणि खालच्या प्लेटवर थोडा पुढे दुसरा. दोघांच्या समोरासमोरच्या बाजू उतरत्या, सत्तर अंशांच्या. तोंड मिटायला गेले की खालचा ठोकळा त्या उतारावरून घसरत पुढे येतो आणि वरच्याच्या पुढे अडकून बसतो. मागे जायला वाट नाही. स्नायू ओढतात, सांधा मोकळा होतो, आणि जबड्याने आता पुढेच राहायचे आहे असा त्याचा समज करून दिला जातो. वरच्या प्लेटच्या मधोमध एक स्क्रू. आठवड्यातून एकदा, घड्याळाला किल्ली द्यावी तशी ताई त्याला पाव फेरा द्यायची.

पहिले चार दिवस माझी लाळ माझ्या ताब्यात नव्हती. जबडा सकाळी दुखे, दुपारी ठणके आणि रात्री दोन्ही करी. भाकरी आमटीत कुस्करून खावी लागे. पण सगळ्यांत बेजार केले ते ‘स’ने. त्या वर्षी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता ‘स्वच्छतेचे महत्त्व’. मराठी भाषेत हजारो विषय असताना परीक्षकांना नेमका हाच सुचावा! मी घरी भाषण म्हणून पाहिले. ‘शन्माननीय अध्यक्ष, श्वच्छता म्हणजे...’ एवढ्यावरच धाकटा भाऊ गडाबडा लोळला.

सांगलीच्या त्या विभागाबाहेर एक लांब बाक होता. महिन्यातून एकदा त्यावर आम्ही तेच ते चेहरे भेटायचो. आम्हा सगळ्यांचे दुखणे एकच, उपाय मात्र तीन. तासगावच्या एका मुलीला सैल असे एकसंध यंत्र दिले होते, दोन्ही जबड्यांमध्ये धरायचे. ते घालून ना बोलता येई ना खाता येई, म्हणून ते संध्याकाळी आणि रात्री घालायचे. त्याचे नाव ‘बायोनेटर’. मिरजेच्या एका मुलाचे यंत्र दातांना सिमेंटने पक्के बसवलेले होते. दोन्ही बाजूंना वरच्या दाढेपासून खालच्या दातांपर्यंत एक बारीक नळी आणि तिच्यात सरकणारा दांडा, स्कूटरच्या शॉक-अॅब्सॉर्बरसारखा. त्याचे नाव ‘हर्बस्ट’. काढायची सोयच नाही. एकदा त्याने जांभई मोठी दिली तर दांडा नळीतून बाहेर आला, आणि पुन्हा आत जाईना. तोंड अर्धवट उघडे ठेवून तो बाकावर आमच्याकडे करुण नजरेने पाहत बसला होता. आम्ही हसलो. हसणाऱ्या आम्हा दोघींच्या तोंडातून मग काय काय बाहेर आले ते सांगत नाही.

कुणाचे यंत्र चांगले, यावर आमचा वाद चाले. तासगावची म्हणे, माझे चांगले, शाळेत कुणाला कळतसुद्धा नाही. मी म्हणे, माझे चांगले, घासायला काढता येते आणि जेवताही येते. मिरजकर तोंड उघडे टाकून म्हणे, “माझं चांगलं. मला रोज ठरवायला लागत नाही.” तेव्हा आम्हाला तो विनोद वाटला. आज वाटते, आमच्या तिघांत शहाणा तोच होता.

तासगावच्या मुलीची प्लेट डॉक्टरबाईंनी एकदा हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाल्या, “दिली तेव्हा होती तशीच्या तशी आहे गं. घालतेस ना?” ती रडायलाच लागली. चौथ्या महिन्यानंतर ती बाकावर दिसली नाही.

आणि मी? मी वक्तृत्व स्पर्धेसाठी क्लिप काढली ती काढलीच. भाषण चांगले झाले, ‘स’ खणखणीत आले, तिसरा क्रमांक मिळाला. दुसऱ्या दिवशी वाटले, आजचा एक दिवस राहू दे. असे तीन आठवडे गेले. शाळेच्या वाटेवर क्लिप रुमालात जाई आणि घर आले की तोंडात येई. खोटे बोलायलासुद्धा मला अडचण पडत नव्हती, कारण क्लिप नसल्याने उच्चार स्वच्छ होते.

ताईला कळले ते स्क्रूवरून नव्हे, वासावरून नव्हे, तर मी जेवणाच्या पहिल्या घासाला ‘आई गं’ म्हणाले नाही यावरून... म्हणजे उलट, म्हणाले यावरून. सवय मोडल्यावर दुखणे पुन्हा सुरू झाले होते. तिने मला परसात नेले. मला वाटले, आता धपाटा. तिने काहीच केले नाही. धुण्याच्या दगडावर बसली आणि शांतपणे म्हणाली,

“हे मला कुणी दिलं असतं ना, तर मी झोपेतसुद्धा काढलं नसतं.”

बस, एवढेच. नंतर तिने एका प्लास्टिकच्या डबीवर चिकटपट्टी लावली, तिच्यावर निळ्या शाईने लिहिले ‘हरवू नये’, आणि ती डबी माझ्या दप्तरात ठेवली. माझ्या उपचारांचे पैसे तिच्या शिकवण्यांमधून जात होते. सातवीच्या सहा पोरांना ती ओसरीवर गणित शिकवायची. हेही मला पुढे कळले. मला तेव्हा वाटायचे की बाबा देतात.

त्यानंतर मी क्लिप काढली नाही. दहाव्या महिन्यात पट्टीवर नऊचे तीन मिलिमीटर झाले होते. ओठ आपसूक मिटू लागले. मग दीड वर्ष नेहमीच्या तारा, आणि खारूताई शाळेच्या इतिहासात जमा झाली.

ही गोष्ट इथेच संपायची. पण गेल्या वर्षी मानसशास्त्राच्या तासाला सरांनी ‘स्वप्रतिमा’ हा विषय प्रकल्पासाठी दिला आणि माझा हात नकळत हनुवटीकडे गेला. म्हटले, यावरच लिहावे. आमच्या ग्रंथालयात दातांवर पुस्तक कुठले असायला! मी पुन्हा सांगलीची एसटी धरली. त्याच डॉक्टरबाई आता तिथे शिकवतात. त्यांनी मला विभागाच्या वाचनालयात बसवले आणि शब्दकोश शेजारी ठेवून मी आठ-दहा शनिवार वाचत बसले.

वाचताना पहिली गंमत ही कळली की या यंत्रांच्या कुळाचा मूळ पुरुष एक कलावंत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे अमेरिकेत नॉर्मन किंग्सली नावाचे दंतवैद्य होते. ते मूर्तिकारही होते. खालचा जबडा पुढे आणून चावायला लावणारी प्लेट त्यांनी तयार केली. मूर्तिकाराच्या नजरेला मागे गेलेली हनुवटी खुपली असेल, यात नवल नाही. दुसरी गंमत ही की पुढच्या बऱ्याच यंत्रांच्या मागे कुठले तरी एक मूल उभे आहे. डेन्मार्कमधले विगो अँड्रेसन यांनी १९०८ च्या सुमारास आपल्या मुलीच्या तारा काढल्या. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरगावी जाणार, म्हणून मधल्या काळात दात जागेवर राहावेत यासाठी त्यांनी तिला एक सैल प्लेट करून दिली. ती घालून चावले की खालचा जबडा पुढे येई. सुट्टीहून मुलगी परतली तर दात नुसते जागेवर राहिले नव्हते, आणखी सुधारले होते. त्यातून पुढे नॉर्वेत कार्ल होय्प्ल यांच्या जोडीने त्यांनी ‘अॅक्टिव्हेटर’ सिद्ध केला आणि १९३६ साली दोघांनी त्यावर ग्रंथ लिहिला. तासगावच्या मुलीचा बायोनेटर हा त्याच घराण्यातला. जर्मनीच्या बाल्टर्स यांनी अॅक्टिव्हेटरचा बोजडपणा कमी करून तो केला.

मिरजकराचे यंत्रही जर्मनीचेच. एमिल हर्बस्ट यांनी ते १९०९ साली बर्लिनच्या दंतवैद्यांच्या परिषदेत मांडले. पुढे ते जवळजवळ विस्मरणात गेले आणि सत्तर वर्षांनी, १९७९ साली, स्वीडनमधल्या हान्स पँखर्त्स यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. माझा ट्विन ब्लॉक स्कॉटलंडचा. १९७७ च्या सप्टेंबरात विल्यम क्लार्क यांच्याकडे एका सहकारी दंतवैद्याचा लहान मुलगा आला. पडून त्याचा वरचा पुढचा दात निखळला होता. दात परत बसवला, पण खालचा ओठ त्या दातामागे अडकून त्याला सारखा बाहेर रेटत होता. जबडा दिवसरात्र पुढे धरला, तर ओठ दातामागे जाणार नाही; पण पोराला खाता-बोलताही आले पाहिजे. म्हणून एका ठोकळ्याचे दोन झाले. त्या कुठल्याशा स्कॉटिश पोराच्या दाताची आणि विट्याच्या माझ्या ‘शन्माननीय अध्यक्षां’ची अशी सोयरीक निघाली.

इथवर सगळे छान होते. मग मी तुलनेच्या प्रकरणाला आले.

१९७० च्या दशकात अमेरिकेत माकडांवर प्रयोग झाले. जबडा पुढे धरून ठेवला की सांध्याजवळची कूर्चा जोमाने वाढते, असे त्यांत दिसले. सगळ्यांना वाटले, जबडा वाढवण्याची किल्ली सापडली. पण माकड ते माकड. माणसांच्या मुलांवरच्या चाचण्या पुढे झाल्या. कुणाला कुठला उपचार द्यायचा हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, म्हणजे डॉक्टरांची आवडनिवड आड येत नाही. इंग्लंडमधल्या केव्हिन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. पहिलीत आठ ते दहा वर्षांच्या १७४ मुलांपैकी निम्म्यांना ट्विन ब्लॉक लगेच दिला, बाकीच्यांना थांबवले. दात आत आले, पण त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश फरक दात झुकल्याने पडला होता. हाडाचा वाटा एक-चतुर्थांशच. दुसरीत अकरा ते चौदा वर्षांच्या २१५ मुलांना हर्बस्ट किंवा ट्विन ब्लॉक दिला. दोन्हींनी दातांत आणि हाडांत केलेला फरक सारखाच निघाला. फरक पडला तो दुसऱ्याच ठिकाणी. हर्बस्टवाल्यांपैकी १२.९ टक्के मुलांनी उपचार अर्धवट सोडले, ट्विन ब्लॉकवाल्यांपैकी ३३.६ टक्क्यांनी. हर्बस्ट मोडायचा जास्त, दुरुस्तीच्या खेपा जास्त. पण तो काढून रुमालात ठेवता येत नाही ना!

मी पेन्सिल खाली ठेवली. बाकावरचा आमचा सगळा वाद त्या दोन आकड्यांत मिटला होता. यंत्रांमध्ये थोरले-धाकटे असे काही नव्हते; यंत्र तोंडात राहते की रुमालात, एवढाच सवाल होता. त्या तेहतीस टक्क्यांत मी जाता जाता वाचले होते, आणि वाचवणारीने धुण्याच्या दगडावर बसून एकच वाक्य उच्चारले होते. तेवढे यंत्र मात्र कुणी मोजले नव्हते.

पण पुढे जे वाचले त्याने मी खट्टू झाले. यंत्रामुळे खालच्या जबड्याची जी जादा लांबी मिळते ती सरासरीने एक-दोन मिलिमीटर. आणि काही अभ्यासकांचे तर म्हणणे असे की तीही जादा नव्हेच. पुढे सावकाश व्हायची वाढ आधी होते, इतकेच. म्हणजे पुढच्या पगारातली उचल. मुले मोठी झाल्यावर, यंत्र घातलेली आणि न घातलेली, यांच्या जबड्यांत सांगण्याजोगा फरक उरत नाही.

मी डॉक्टरबाईंपुढे पुस्तक उघडे धरले. “म्हणजे माझी हनुवटी उसनी?”

त्या हसल्या. “तुझे ओठ मिटतात. पुढचे दात आत आले. पुढे आलेले दात पडण्या-आपटण्यानं मोडतात, ते वाचले. लहान वयात हे केलं तर दातांना इजा कमी होते, हे चाचण्यांतून दिसलंय. आणि तू वर्गात उभी राहून बोलतेस. एवढं आमचं. हाडाचं श्रेय आम्ही पूर्वी जरा जास्तच घेतलं. ते तुझ्या वाढीचं आणि तुझ्या पणजोबांचं.”

स्वप्रतिमेचा धागा मला तिथेच मिळाला. त्या पहिल्या चाचणीत उपचार घेतलेल्या मुलांचे स्वतःविषयीचे मत सुधारले होते, चिडवाचिडवीचा जाच कमी झाला होता. पण वर्षांनंतर, उशिरा उपचार घेतलेली मुलेही तिथेच येऊन पोचली होती. प्रकल्प झाला, गुणही बरे मिळाले. पण ते सारे ताईला सांगायला मी दिवाळीपर्यंत धजले नाही.

ताई आता सव्वीस वर्षांची आहे, एका शाळेत गणित शिकवते. तिला पाहायला येऊन गेलेल्यांपैकी दोघांनी काही कारण न देता नकार कळवला होता, आणि त्या दोन्ही वेळा घरात कुणीही हनुवटीचे नाव काढले नव्हते. स्थळासाठी फोटो काढायला गेली की ती समोरूनच काढून घेई, बाजूने कधी नाही. तिचा दृढ समज असा होता की बाराव्या वर्षी एक गाडी फलाटावर उभी होती, ती चुकली. त्या गाडीत बसली असती तर सगळेच वेगळे झाले असते. मला तिने त्या गाडीत स्वतःच्या खांद्यावरून चढवले होते. आणि आता मी तिला सांगणार, की ती गाडी फार लांब जातच नव्हती? हे सांगणे म्हणजे तिच्या सहा पोरांच्या शिकवण्यांवर पाणी ओतणे नव्हे काय?

करंज्या करताना मी धीर केला. ती मुरड घालत होती, मी सारण भरत होते. मी सगळे सांगितले. दातांचा वाटा, हाडाचा वाटा, उचलीचा हिशेब. तिने चार करंज्या संपवल्या, मग विचारले,

“म्हणजे हाडाचा फरक किती म्हणालीस?”

“एक-दोन मिलिमीटर. तोही टिकतो की नाही यावर वाद आहे.”

तिने पाचव्या करंजीची मुरड घातली. ती बोटांनी मोजल्यासारखी पाहिली.

“एवढाच?” ती म्हणाली. “अगं, हे दोन मिलिमीटर मला कुणी आधी सांगायला नको का? मी आठ वर्षं मैल धरून चालले होते.”

मग थोड्या वेळाने, खाली मान घालूनच, “आणि दातांचं? दात किती वयापर्यंत हलतात?”

दात कुठल्याही वयात हलतात. हाड नाही, पण दात हलतात. शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितले ते खोटे नव्हते. जबडा मोठा करायचा तर मोठ्या वयात शस्त्रक्रियाच लागते. फक्त त्यांनी अर्धे सांगितले होते, आणि उरलेले अर्धे विचारायचे ताईला सुचले नव्हते. पुढची मुलगी उभी होती ना!

जानेवारीपासून आम्ही पुन्हा सांगलीच्या एसटीत आहोत. डॉक्टरबाईंनी तिला स्पष्ट सांगितले, हनुवटी आहे तिथेच राहील. वरच्या दोन उपदाढा काढून पुढचे दात मागे घेता येतील, ओठ मिटतील, दोन वर्षे लागतील. “चालेल,” ताई म्हणाली. फी ती स्वतः भरते. मी भरायला निघाले होते, पण माझ्याजवळ शिकवण्या नाहीत आणि तिच्याजवळ ऐकून घेण्याची सवय नाही. मी फक्त सोबत जाते आणि बाकावर बसते. ‘हरवू नये’ची ती डबी तिने माझ्याकडून परत मागून घेतली. तिच्या तारा पक्क्या आहेत, हरवायचे काहीच नाही. ती त्यात दातांना लावायचे मेण ठेवते.

मागच्या शनिवारी बाकावर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. तोंडात नवाकोरा ट्विन ब्लॉक, हनुवटीवर लाळ, डोळ्यांत पाणी. ताई आतून आली, त्याच्याशेजारी बसली. त्याने तिच्याकडे पाहिले आणि लाळ सावरत विचारले,

“तुमची कशली?”

ताईचा हात सवयीने वर निघाला. मधेच थांबला. मग तिने तो त्याच्या पाठीवर ठेवला, तोंड उघडले आणि त्याला सगळे दात दाखवले.